वरच्या झावळ्या

झावळ्यांवरून एवढं काय झालं, असं शरिफा मला अजून विचारते. विचारते कसली, समजूत घालते. शरिफा म्हणजे आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून, मी लग्न होऊन भिंगारला आले तेव्हापासूनची. "हेलन, चार झावळ्या त्या, सोड आता," म्हणते. मी तिला सांगते, बाई गं, चार नव्हत्या, चांगल्या दहा-बारा होत्या. आणि वरच्या होत्या. तिथंच तर सगळं आलं.

आमच्या दारात नारळ आहे, सासऱ्यांनी लावलेला. नगरच्या पाण्यावर नारळ काय वाढणार, असं तेव्हा लोक म्हणायचे. वाढला बापडा, सावकाश वाढला. आता त्याचा शेंडा वरच्या खोलीच्या खिडकीपाशी येतो. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आमची ख्रिस्ती मंडळी हातात झावळ्या धरून, होसान्ना म्हणत देवळात जाते ना, त्या झावळ्या दरवर्षी आमच्या दारातून जातात. आधी सासरे द्यायचे, मग डेव्हिड, म्हणजे माझे मालक. ते गेल्यावर मी देते. पाळकसाहेब उपासनेत नाव घेतात. नाव घेतलेलं मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

एंजेला माझी एकुलती एक. दिली काष्टीला, जस्टिनला. तो तिकडे शुगर फॅक्टरीत कामाला आहे, माणूस गरीब स्वभावाचा. लग्नाला सहा वर्षं झाली आणि पोरीच्या दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उठायचं नाही, वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मी पाचव्या महिन्यातच तिला घेऊन आले. एकदाच जिना चढवून वरच्या खोलीत नेलं, कारण कमोड वरच आहे. मग ती वर आणि मी खाली-वर. चहा घेऊन वर, पेज घेऊन वर, कपडे घेऊन खाली. गुडघ्यांची वाट लागली, पण तक्रार नव्हती. घरात कुणीतरी "आई" म्हणून हाक मारत होतं.

त्याच सुमाराला घार आली. नारळाच्या शेंड्यात, खिडकीपासून चार-पाच हातांवर, काड्या आणून टाकायला लागली. मी हुसकावणार होते. घार म्हणजे घाण, कुणाच्या दुकानातली आतडी आणेल, कुठला मेलेला उंदीर आणेल. मी खराटा घेऊन वर गेले तर एंजेला म्हणाली, "असू दे गं आई. मला तेवढंच बघायला." दिवसभर पंख्याकडे बघत पडायचं, तिचंही बरोबरच होतं. मी खराटा खाली ठेवला.

बाळासाठी माझ्या जुन्या सुती साड्या फाडून मी लंगोट शिवत होते. मऊसूत झालेल्या साड्या, नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. गच्चीवर वाळत घातले तर घारीनं त्यातला एक उचलला. मी बघितलं ना डोळ्यांनी, पायात धरून सरळ घरट्यात. मी शिव्या घालायला लागले तर पोरगी पोट धरून हसली. "घेऊ दे गं, तिचंही बाळंतपण आहे. तिचा बाळंतविडा कोण करणार?" ती तशी हसलेली मी दोन वर्षांत बघितली नव्हती. म्हटलं, जाऊ दे मेला एक लंगोट.

मग घार बसली ती बसलीच. एंजेला मला रोज सगळं सांगायची आणि मी जिना चढून धापा टाकत ऐकायची. नर दुपारचा येतो, मग मादी जरा उठते, पंख झाडते, एक घिरटी घालून येते, तोवर तो बसतो. त्याला नीट बसता येत नाही, अंडी पोटाखाली घ्यायला अवघडतो. "आपल्या जावयासारखा," मी म्हणाले. जस्टिन दर रविवारी काष्टीहून यायचा, डाळिंबं आणायचा, पलंगाच्या कडेला टेकायचा आणि कुठं हात ठेवावा त्याला कळायचं नाही. मी त्याला जेवायला घालून पाचच्या एसटीला लावून द्यायची.

मार्च सरत आला तसं ऊन तापलं. पण त्या खोलीत ऊन कधी आलं नाही. नारळाच्या वरच्या झावळ्या खिडकीवर अशा वाकलेल्या होत्या की घरट्यावर सावली आणि आत पलंगावरही सावली. एंजेला म्हणायची, आम्हा दोघींना एकच छत आहे. मी म्हणायची, गप पड.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी ती मला हळूच म्हणाली, "आई, आता ती नराला बसू देत नाही."

"का? भांडण झालं काय?"

"अंडी फुटायच्या बेतात आहेत. आतून पिल्लू आवाज करतं. ती मान वाकवून ऐकते, बघ. मग उठते, अंड्यांकडे बघते, चोच लावते न लावते अशी, आणि परत बसते. मदत करत नाही. नुसती बसते." नर येत होता, तोंडातलं काहीबाही कडेला ठेवत होता. ती त्याच्याकडून घ्यायची आणि त्याला आत पाऊल टाकू द्यायची नाही. तो शेजारच्या शरिफाच्या टाकीवर जाऊन बसायचा आणि कुणी नारळाखालून गेलं की डोक्यावर झेप घालायचा. शरिफाच्या मालकांची टोपी दोनदा उडवली. ते आठवडाभर छत्री घेऊन नमाजाला गेले.

शुक्रवारी एक अंडं फुटलं. एंजेलानं मला हाक मारली तेव्हा माझे हात पिठात होते, तशीच वर गेले. खरं सांगते, मला आधी काही दिसलंच नाही. मग घार जरा कलली आणि तिच्या पोटाखाली पांढऱ्या कापसाच्या बोळ्याएवढं काहीतरी हललं. नरानं आणलेल्या मांसाचा ती चोचीनं एवढासा तुकडा तोडायची, पिल्लासमोर धरायची आणि थांबायची. पिल्लाची मान कुठंच्या कुठं जायची. ती परत धरायची. एवढी मोठी वाकडी चोच आणि काय तो धीर. एंजेलाच्या डोळ्यांत पाणी होतं. "दुसऱ्यालाही भोक पडलंय," ती म्हणाली. "उद्यापर्यंत येईल बाहेर. आई, दोन्ही येतील ना गं?" मी म्हटलं, येतील की, न यायला काय झालं.

त्याच संध्याकाळी महिला मंडळाच्या पुष्पावतीबाईंचा फोन. गोड बोलून म्हणे, हेलनबाई, तुमच्याकडे मुलगी अवघडलेली, घारीचं घरटं, यंदा झावळ्या आमच्या मळ्यातून आणू का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या दारच्या झावळ्यांवर या बाईचा डोळा कधीपासूनचा, मला काय ठाऊक नाही? एकदा त्यांच्या मळ्यातून गेल्या की झालंच, कायमच्या तिकडच्या. मी म्हटलं, "नको बाई. सासऱ्यांपासूनचं आहे आमचं. उद्या उतरवतेच."

शनिवारी सकाळी मच्छिंद्र आला. नारळ उतरवायला दरवर्षी तोच येतो. यंदा त्यानं डोक्यात मोटारसायकलचं हेल्मेट घातलं होतं. वर बघून म्हणाला, "मावशी, घार लई खवळल्याली हाय. खालच्या चार काढतो नि देतो, त्येवढ्यावर भागवा."

खालच्या म्हणजे कशा, तर टोकं सुकलेल्या, कडेनं पिवळ्या पडलेल्या. खिडकीतून एंजेलाही ओरडली, "आई, खालच्या घे. वरच्या नको. एक बाहेर आलंय, दुसरं निम्मं आलंय. आज तिला उठवू नको."

मी खालून वर बघितलं. आणि काय म्हणाले, ऐका. मी म्हणाले, "देवाला द्यायचं ते उत्तम द्यावं. वाळलेलं-पिवळं प्रभूला नेऊ का? आता पाखरांना विचारून सण करायचे राहिलेत."

"आई, दुपारनंतर तरी. ऊन कलल्यावर."

"संध्याकाळी न्यायला येणार आहेत. त्याच्या आधी धुवायच्या, बांधायच्या, कोण करणार? तू पड बघू. तुला उठायला सांगितलंय का?"

मी मच्छिंद्रला म्हटलं, घरट्याला हात लावू नकोस, वरच्या हिरव्या तेवढ्या काढ. घरट्याला हात लावू नकोस म्हणाले, म्हणजे माझ्या मनानं मी सांभाळून घेतलं होतं. वर बारा वाजताचं ऊन कुठून येतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सगळं आयुष्य त्या नारळाखाली काढलं मी. त्याची सावली कुणाकुणावर पडते, मला ठाऊक नसावं?

मच्छिंद्र चढला तशी मादी उडाली. नर आणि मादी दोघं मिळून त्याच्या हेल्मेटवर आपटत होते, तो एका हातानं कोयता चालवत होता आणि तोंडानं शिव्या. बराच वेळ लागला. झावळ्या मात्र अशा आल्या, हिरव्याकंच, सणसणीत. मी त्या धुतल्या, पाचोळा काढला, सुतळीनं बांधल्या. वर जेवण घेऊन गेले तेव्हा खोलीत ऊन होतं. पलंगाच्या निम्म्यावर ऊन. एंजेला भिंतीकडे सरकून बसली होती. मी म्हटलं, पडदा लावते. ती म्हणाली, "नको. मला ती दिसली पाहिजे."

घार परत आली होती. बसलेली नव्हती, उभी होती. सूर्याकडे पाठ करून दोन्ही पंख अर्धे उघडून उभी, चोच वासलेली, धापा टाकत. सूर्य सरकेल तशी तीही सरकत होती, म्हणजे तिची सावली घरट्यातच पडावी. नर येऊन काहीतरी ठेवून गेला. तिनं ते उचललं नाही. मला बघवेना. मी म्हटलं, "बघ, आली ना परत? ती बघेल तिचं. आईच आहे ती."

रविवारी देवळात माझं कौतुक झालं. काय झावळ्या, हेलनबाई, काय झावळ्या. पाळकसाहेबांनी नाव घेतलं, सासऱ्यांचं आणि डेव्हिडचंही घेतलं. पोरंटोरं झावळ्या हलवत होसान्ना म्हणत पुढं, मी मागं, पुष्पावतीबाई माझ्या शेजारी आणि त्यांच्या हातात माझीच झावळी. मला इतकं बरं वाटलं. उपासनेनंतर चहा झाला, मी आणखी रेंगाळले. घरी यायला एक वाजून गेला असेल.

गल्लीत वळले तर शरिफा दारात उभी. "हेलन, लवकर वर जा. मी खालून किती हाका मारल्या, ती ऐकत नाही. वर जाऊन आले, खोलीला आतून कडी आहे."

वर बघितलं. खिडकीतून जळमटं काढायची लांब काठी बाहेर आलेली, तिला चादर बांधलेली, आणि ती चादर एंजेला दोन्ही हातांनी घरट्यावर धरून उभी. डॉक्टरांनी उठू नको सांगितलेली, सातव्या महिन्यातली माझी पोर. घार तिच्या हाताखाली, चादरीच्या सावलीत बसली होती. सगळ्या गल्लीवर झेप घालणारी घार, तिला काही करत नव्हती.

मी जिना कसा चढले मला ठाऊक नाही. दार वाजवलं, शपथा घातल्या. तिनं कडी काढली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, "आई, सकाळपासून दुखतंय जरा." मग खाली बसली. "दुसरं आलंच नाही गं बाहेर. अर्ध्यात वाळलं. काल ती उठली ना, तेव्हाच. एक तरी राहावं म्हणून धरली चादर."

शरिफाच्या मुलानं, काशिफनं, रिक्षा आणली. दवाखान्यात इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, कळा थांबल्या. रात्र काढली आम्ही तिथं. बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणून सांगितलं तेव्हा मी बाकापाशीच गुडघे टेकले. जस्टिनला त्या रविवारी फॅक्टरीत ड्यूटी होती, तो रात्री काष्टीहून आला, त्याची आईही आली. त्या बाईंनी मला एक शब्द विचारला नाही. एंजेलाच्या पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत राहिल्या.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा जस्टिन माझ्यापुढं उभा राहिला. तोच जस्टिन, हात कुठं ठेवावा न कळणारा. म्हणाला, "मामी, तिला काष्टीला न्यावं म्हणतो. तिचीच इच्छा आहे."

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, जावईबापू," मी म्हणाले.

"हो मामी. पण तिथं ती सांगेल ते ऐकतात." एवढंच म्हणाला आणि खाली बघितलं. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी त्याला सोडला नसता, माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे.

मी एंजेलाकडे गेले. म्हटलं, चुकलं माझं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. ती माझा हात धरून म्हणाली, "मला राग नाही गं आई. पण मी सांगत होते ना?" आणि गाडीत बसली.

मी एकटी घरी आले आणि सरळ वर गेले. पिल्लूही गेलं होतं. कधी गेलं कोण जाणे, चादर काढल्यावरच गेलं असणार. पण घारीला ते कुणी सांगावं? ती उभीच होती, पंख उघडून, घरट्यात सावली पाडून. नर येत होता, ठेवत होता, जात होता. कडेला तीन-चार उंदरांची रास झाली, मुंग्या लागल्या. मी खिडकीत बसून तिला म्हणत होते, अगं, पुरे आता, जा. दुसऱ्या दिवशीही ती उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर घरटं रिकामं. टाकीवरही कुणी नव्हतं. शरिफाच्या मालकांनी छत्री ठेवून दिली.

वैशाखात वावटळ आली आणि घरटं अंगणात पडलं. काड्या, तारा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि माझा तो लंगोट. धुऊन काय करायचा होता? पण धुतला.

जूनमध्ये एंजेला बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. मी डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाकीचे लंगोट असं सगळं घेऊन काष्टीला गेले. तिच्या सासूनं मला पाहुणीसारखं वागवलं, पाट दिला, गोडधोड केलं. कशाला नाव ठेवायला जागा नाही, तेच टोचतं. नातीला मांडीवर दिलं. डेव्हिडचं कपाळ आहे तिचं. संध्याकाळच्या एसटीनं त्यांनी मला लावून दिलं.

तेव्हापासून मी दर आठवड्याला काहीतरी करते आणि काष्टीच्या टेम्पोबरोबर धाडते. लाडू, मेथीची वडी, खारीक-खोबरं. डबे धुऊन परत येतात. एंजेला फोन करते, आई, छान झाले होते म्हणते. भांडण नाहीच आमचं. असतं तर लोकांना सांगायला तेवढं तरी झालं असतं.

बाळाला सव्वा महिना झाला, मग दोन झाले. आता माहेरी यायला हरकत नव्हती. मी खोली झाडली, पलंगावर नवी गादी घातली, शिवणाऱ्याकडून खिडकीला जाड पडदे करून आणले, दोन पदरी. मच्छिंद्रला विचारलं, बाबा, या नारळाला झावळ्या कधी येतील? तो म्हणाला, "मावशी, महिन्याला एक. लई घाई केली तरी एकच." सध्या तीन आल्यात, कोवळ्या, सरळ वर उभ्या. वाकायला वेळ लागतो त्यांना.

परवा फोनवर मी धीर केला. म्हटलं, "कधी येतेस गं? चार दिवस तरी ये. खोली तयार आहे."

मागं बाळ कुरकुरत होतं, ती त्याला थोपटत असावी. मग म्हणाली, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "येईन गं. पण त्या खोलीत ऊन येतं, आई. हिला कुठं निजवू?"

पडदे लावलेत, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. दोन पदरी आहेत, अंधार गुडुप होतो, असंही सांगणार होते. मी सांगितलं नाही. म्हटलं, "बरं बाई. येऊ देत झावळ्या." तिनं "हो" म्हटलं, फोन ठेवला, आणि मी या आठवड्याच्या लाडवांसाठी डिंक तळायला घेतला.